रास मोजताना वाटेकरी समोर हवा

आमच्या घरी दर वर्षी सप्टेंबरात टपालाने एक जाडसर पुस्तिका यायची. सहकारी साखर कारखान्याचा वार्षिक अहवाल. अण्णा कारखान्याचे सभासद. शेती साडेतीन एकर, त्यात ऊस दीड एकर, म्हणजे कारखान्याच्या हिशेबात आम्ही अगदीच लहान. तरी पुस्तिका आली की ते चष्मा लावून ओसरीवर बसत, ताळेबंदाचं पान काढत आणि पेन्सिलीने खुणा करत. सभेला धुतलेला सदरा घालून जात आणि निदान एक प्रश्न तरी विचारून येत. मळीचं उत्पन्न यंदा इतकं कमी कसं? तोडणी-वाहतुकीचा खर्च एवढा कशाने वाढला? उत्तर दर वेळी धड मिळायचं असं नाही. पण विचारायला कुणी अडवत नसे, कारण ते सभासद होते, मालक होते, आणि सभासदाला ताळेबंद बघायचा हक्क कायद्यानेच दिलेला होता.

पुढे मी इंजिनिअर झाले आणि पुण्यात बाणेरला एका स्टार्टअपमध्ये रुजू झाले. चौतिसावी कर्मचारी. पहिल्या दिवशी मलाही सांगण्यात आलं, की आता तू नोकर नाहीस, मालक आहेस. नेमणुकीच्या पत्रात तसं लिहिलेलंही होतं: चार हजार स्टॉक ऑप्शन, म्हणजे कंपनीचे तेवढे शेअर पुढे ठरलेल्या किमतीला घेण्याची मुभा, चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हक्काचे होणार. मी एचआरच्या बाईंना विचारलं, चार हजार म्हणजे एकूण कितीपैकी? त्या म्हणाल्या, ते कॉन्फिडेन्शियल आहे.

तेव्हा मी गप्प बसले. बसायला नको होतं. एकूण शेअर दहा लाख असतील तर चार हजार म्हणजे 0.4 टक्के, आणि एक कोटी असतील तर 0.04 टक्के. कंपनी 100 कोटींना विकली गेली, तर सरळ हिशेबाने एकीकडे 40 लाख आणि दुसरीकडे 4 लाख. ‘चार हजार’ या आकड्याला एकट्याने काहीच अर्थ नाही. शेतात माझा वाटा चार पाट्या आहे असं सांगायचं आणि रास केवढी ते मात्र सांगायचं नाही, असा हा व्यवहार.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे. ज्या कंपन्या माणसांकडून मालकाच्या जिवाने काम मागतात आणि पगाराचा काही भाग मालकीच्या रूपाने देतात, त्यांनी त्या मालकीचा हिशेब त्या माणसांपुढे ठेवला पाहिजे. हा मनाच्या मोठेपणाचा भाग नाही. तो नियम असायला हवा.

स्टार्टअपमधल्या कामाची निंदा करायला मी बसलेली नाही. त्या साडेतीन वर्षांत मी जे शिकले ते मोठ्या कंपनीत दहा वर्षांत शिकले नसते. आमचं ॲप घाऊक व्यापाऱ्यांसाठी होतं. ऑर्डर, उधारी, पैसे भरणं, सगळं त्यावर. चौतीस माणसांची कंपनी अडीच वर्षांत चारशेवर गेली. दर सोमवारी नवे चेहरे, तिमाहीला नवी बसण्याची जागा. एका धनत्रयोदशीला रात्री पावणेबाराच्या सुमाराला पैसे भरणं बंद पडलं. मार्केट यार्डातले व्यापारी फोनवर फोन करत होते. दोन तास आम्ही चौघं स्क्रीनला चिकटलो होतो. शेवटी कळलं, की आठवड्यापूर्वीच्या एका बदलात कोड डेटाबेसची जोडणी उघडत होता आणि चूक झाली की बंद न करताच पुढे जात होता. गर्दी वाढली, जोडण्या संपल्या, सगळं ठप्प. ती एक ओळ दुरुस्त करून पहिली ऑर्डर सुरळीत गेली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि आमच्यातला एक जण अक्षरशः रडला. कुणी आम्हाला बळजबरीने बसवलं नव्हतं. घरचं कार्य समजून राबत होतो. आणि नेमकं म्हणूनच हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. ते घर आपलं होतं का, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं.

2023 मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं म्हटलं आणि देशभर वाद पेटला. तासांवर सगळे बोलले. त्या तासांच्या बदल्यात काय मिळणार, यावर फार थोडे बोलले. त्यांचीच इन्फोसिस इथे पाहण्यासारखी आहे. ती 1981 मध्ये पुण्यात सुरू झाली, 1993 मध्ये शेअर बाजारात आली आणि 1994 मध्ये तिने कर्मचाऱ्यांना शेअर देण्याची योजना आणली. त्यातून सर्वसाधारण घरांतल्या कितीतरी जणांची आयुष्यं पालटली, हे खरं आहे. पण क्रम बघा. कंपनी आधी बाजारात आली, मग शेअर वाटले. तिचे हिशेब छापून येत होते आणि शेअरचा भाव रोज सकाळी वर्तमानपत्रात दिसत होता. आपल्या हातात काय आहे हे तिथला माणूस चहा पिता पिता बघू शकत होता. आजच्या स्टार्टअपमधल्या माणसाला भाव दिसत नाही, हिशेब दिसत नाही, आणि वचन मात्र तेच दिलं जातं.

त्यातली सगळ्यात कमी सांगितली जाणारी गोष्ट म्हणजे रांग. कंपनी विकली गेली तर पैसे कुणाला आधी मिळणार, ही रांग. गुंतवणूकदार बहुधा साधे शेअर घेत नाहीत, प्राधान्य शेअर घेतात. करार असा असतो, की विक्रीच्या पैशांतून आधी त्यांनी घातलेली रक्कम त्यांना परत, मग उरेल ते बाकीच्यांचं. समजा त्यांनी वेळोवेळी मिळून 120 कोटी घातले आणि कंपनी 110 कोटींना विकली गेली. वर्तमानपत्रात बातमी येते, ‘पुण्यातलं स्टार्टअप 110 कोटींना विकलं’. नातेवाईक अभिनंदनाचे फोन करतात. आणि साधे शेअर असलेल्या कर्मचाऱ्याच्या हाती शून्य येतं. यात कुणी लबाडी केलेली नसते, करारच तसा असतो. पैसे घालणाऱ्याने आपला धोका कमी करून घ्यावा, त्यालाही माझी हरकत नाही. मात्र त्या रांगेत आपण कितवे उभे आहोत, हे रात्री दोनपर्यंत जागणाऱ्याला आधी सांगायला हवं होतं.

आणि ही माहिती खरोखर गुप्त आहे का? नाही. हे मला नोकरी सोडल्यावर कळलं. प्राधान्य शेअरच्या अटी बहुतेक वेळा आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमध्ये, म्हणजे कंपनीच्या नियमावलीत लिहिलेल्या असतात. ती नियमावली, वर्षाचा ताळेबंद, भागभांडवलाची विवरणं, हे सगळं कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे दाखल करावं लागतं आणि मंत्रालयाच्या पोर्टलवर 100 रुपये भरून ते कुणालाही पाहता येतं. प्रतिस्पर्ध्याला पाहता येतं, पत्रकाराला पाहता येतं. ज्याला मालक म्हटलं त्याला तेवढं ‘कॉन्फिडेन्शियल’ म्हणून परत पाठवायचं. वर ती कागदपत्रं वकिली भाषेत, पन्नास-साठ पानांची. चोवीस वर्षांच्या मुलाने ती शोधून, वाचून, समजून घ्यावीत अशी अपेक्षा ठेवणं म्हणजे न सांगण्याचीच दुसरी तऱ्हा.

कायदा इथे कुणाच्या बाजूने आहे? कंपनी कायदा 2013 खाली भागभांडवलाचे 2014 चे नियम आहेत, त्यातला नियम 12 या योजनांबद्दल आहे. तो सांगतो, की ऑप्शन दिल्यापासून ते हक्काचे होईपर्यंत किमान एक वर्ष जायला हवं. योजनेचा तपशील भागधारकांपुढे ठेवून ठराव करून घ्यायला हवा. भागधारकांपुढे, कर्मचाऱ्यांपुढे नव्हे. ऑप्शनचं रूपांतर शेअरमध्ये होईपर्यंत कर्मचाऱ्याला लाभांश नाही, मत नाही, भागधारकाचा कुठलाच हक्क नाही, हेही त्याच नियमात स्पष्ट आहे. म्हणजे ‘तू मालक आहेस’ हे वाक्य पहिल्या दिवशी तरी कायद्याच्या दृष्टीने खरं नसतं.

उलट, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांवर सेबीची, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची, बंधनं आहेत. ऑप्शन देण्याआधी त्यांना कर्मचाऱ्याला माहितीपत्र द्यावं लागतं, त्यात धोके कोणते तेही लिहावं लागतं. जिथे भाव रोज जाहीर होतो तिथे धोक्याची सूचना सक्तीची, आणि जिथे काहीच दिसत नाही तिथे एक ओळही नाही. मला हे उफराटं वाटतं.

ही सगळी पद्धत आपण अमेरिकेतून उचलली. चार वर्षांचा टप्पा, पहिल्या वर्षाआधी काहीच नाही, आणि नोकरी सोडल्यावर 90 दिवसांत पैसे भरून शेअर घ्या नाहीतर हक्क गेला. हे 90 दिवस आले कुठून? अमेरिकेच्या आयकर कायद्यात एका प्रकारच्या ऑप्शनवरची करसवलत टिकवायची असेल तर नोकरी सुटल्यावर तीन महिन्यांत ते वापरावे लागतात, त्यातून. भारतात तशी सवलतही नाही आणि तशी सक्तीही नाही. तरी आपल्याकडच्या अनेक योजनांत ती मुदत आहेच. आता दुसरी बाजू बघा. त्याच अमेरिकेत सिक्युरिटीज कायद्याखाली 701 क्रमांकाचा नियम आहे. शेअर बाजारात न नोंदलेल्या कंपनीने बारा महिन्यांत एक कोटी डॉलरहून जास्त किमतीचे शेअर किंवा ऑप्शन आपल्या माणसांना दिले, तर तिला आपले हिशेब आणि धोके त्यांच्यापुढे ठेवावेच लागतात. आपण कर्मचाऱ्याला जाचक ठरणारी मुदत आणली आणि त्याला जपणारा नियम तिथेच ठेवून आलो.

त्या 90 दिवसांत काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. आमच्यातला एक मुलगा परभणीचा. तीन वर्षांनी वडिलांच्या आजारपणासाठी नोकरी सोडून गावाकडे जायचं ठरलं. त्याचे 1,500 ऑप्शन हक्काचे झाले होते, घेण्याची किंमत शेअरमागे 10 रुपये. म्हणजे 15,000 रुपये, वाटलं फार नाहीत. पण त्या वेळी शेअरची कागदावरची किंमत 810 रुपये ठरली होती. मधला 800 रुपयांचा फरक आयकराच्या दृष्टीने पगारच. 1,500 शेअरवर 12 लाख. 30 टक्के कर आणि त्यावर 4 टक्के उपकर मिळून 3,74,400 रुपये. हा कर शेअर विकल्यावर नाही, घेतानाच. आणि ते शेअर विकायला बाजारच नव्हता. त्याने मला फोन करून विचारलं, ताई, घेऊ का सोडून देऊ? मी म्हटलं, तीन वर्षं रक्ताचं पाणी केलंस, सोडू नकोस. त्याच्या आईच्या पाटल्या बँकेत गहाण पडल्या. दोन वर्षांनी कंपनी विकली गेली, रांगेतले पुढचे सगळे पैसे घेऊन गेले आणि त्याच्या वाट्याला काही आलं नाही. भरलेला कर परत मिळत नाही. झालेला तोटा भांडवली तोटा, तो पगाराच्या उत्पन्नातून वजाही करता येत नाही. मी तेव्हा रांगेबद्दल काहीच जाणत नव्हते आणि तरी सल्ला दिला, याची बोच अजून आहे.

सरकारने 2020 च्या अर्थसंकल्पात या करावर उपाय केला असं सांगितलं जातं. तो उपाय वाचावा. कर साधारण पाच वर्षं पुढे ढकलता येतो, पण केवळ आंतरमंत्रालयीन मंडळाचं खास प्रमाणपत्र मिळालेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना. जानेवारी 2016 मध्ये ‘स्टार्टअप इंडिया’ सुरू झाल्यापासून केंद्राने मान्यता दिलेली स्टार्टअप दीड लाखांच्या वर गेली, महाराष्ट्र त्यात पहिला. पण हे दुसरं प्रमाणपत्र काही हजारांनाच मिळालेलं आहे. त्यांच्यातही नोकरी सोडली की ढकललेला कर लगेच भरायचा. परभणीच्या मुलाला या उपायाचा काय उपयोग झाला असता? शून्य. त्याला नोकरी सोडावी लागली हीच तर त्याची अडचण होती.

माझं म्हणणं ऐकल्यावर काही संस्थापक मित्र नाराज होतात. त्यांचे मुद्दे खोटे नाहीत, म्हणून त्यांना उत्तर द्यायला हवं. एक जण म्हणाला, धोका तर सगळ्यांनाच माहीत असतो, कुणी जबरदस्ती केली आहे का? खरं आहे. पण गुंतवणूकदार पैसे घालण्याआधी महिना-दोन महिने कंपनीची वही-खाती उलटीपालटी करतो, वकील लावतो, मगच सही करतो. धोका त्यालाही माहीत असतो, तरी तो आकडे मागतो. कर्मचारी पैशांऐवजी उमेदीची वर्षं घालतो आणि त्याला संध्याकाळपर्यंत होकार कळवायला सांगतात. दुसरा म्हणाला, इतकी बंधनं आली तर आम्ही ऑप्शन देणंच बंद करू, तोटा कर्मचाऱ्यांचाच होईल. हा मुद्दा मला जास्त विचार करायला लावतो, कारण तसं काही ठिकाणी होईलही. तरी मी मागे हटत नाही. खरी किंमत सांगितल्याबरोबर जी वस्तू देणं परवडत नाही, तिच्या बदल्यात पगार कमी घ्यायला लावणं न्याय्य नव्हतंच. मग पगारच द्यावा, माणूस त्याचं काय करायचं ते बघून घेईल.

बायजूज आपल्या डोळ्यांसमोर आहे. 2022 मध्ये 22 अब्ज डॉलरची कंपनी म्हणून गाजली, 2024 च्या जुलैत दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पेटीएमचा शेअर नोव्हेंबर 2021 मध्ये 2,150 रुपयांना विकला गेला आणि बाजारात आल्याच्या पहिल्याच दिवशी सव्वीस-सत्तावीस टक्क्यांनी पडला. कागदावरची किंमत ही अशी असते. दुसऱ्या बाजूला वॉलमार्टने 2018 मध्ये फ्लिपकार्ट घेतली तेव्हा अनेक कर्मचाऱ्यांचं सोनं झालं, तेही खरंच. कुठली कंपनी कुठे जाईल हे सांगा, असं कुणी म्हणत नाही. आज ती कुठे उभी आहे एवढं सांगा.

लहानपणी आमच्या शेजारच्या आजोबांची जमीन वाट्याने दिलेली होती. खळ्यावर ज्वारीची रास पडली की वाटेकऱ्याला निरोप जायचा. तो येईपर्यंत आजोबा मापाला हात लावू देत नसत. एकदा तो तालुक्याला गेला होता, तर रास झाकून संध्याकाळपर्यंत सगळे थांबले. आजोबा फार शिकलेले नव्हते, आणि वाटेकऱ्यावर त्यांचा काही विशेष जीव होता असंही नाही. मोजताना दुसरा समोर नसेल तर मोजलेलं खरं धरत नाहीत, इतकी साधी रीत होती ती. सहकाराने तीच रीत कायद्यात लिहिली. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिल्यापासूनच्या काळात सहकारात काय काय बिघडलं हे मला दिसतं. कारखाने मातीमोलाने विकले गेले, सभासद नुसते बघत राहिले. पण निदान महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या 32 व्या कलमाने सभासदाला ताळेबंद विनामूल्य बघता येतो. त्या कलमाच्या बळावर भांडता येतं. स्टार्टअपच्या माणसाकडे भांडायला कागदच नाही.

काय करायला हवं ते अवघड नाही. नेमणुकीच्या पत्राबरोबर साध्या भाषेत एक पान द्यावं: सगळे ऑप्शन धरून एकूण शेअर किती, शेवटचं मूल्यांकन किती, आणि कंपनी विकली तर आमच्याआधी किती कोटी चुकते व्हायचे आहेत. ते पान दर वर्षी नवं करून द्यावं. नोकरी सोडल्यावर शेअर घ्यायची मुदत 90 दिवसांऐवजी काही वर्षांची असावी. काही भारतीय कंपन्यांनी स्वतःहून तशी केलेली आहे. आणि कर शेअर विकल्यावर घ्यावा, हातात पैसे आल्यावर. पहिल्या दोन गोष्टींसाठी नियम 12 मध्ये दुरुस्ती पुरेल. तिला नवा कायदा लागत नाही, मंत्रालयाची अधिसूचना पुरते. दर वर्षी 16 जानेवारीला स्टार्टअप दिवस साजरा होतो, किती लाख रोजगार निर्माण झाले ते सांगितलं जातं. त्या लाखो माणसांपैकी किती जणांना आपला वाटा माहीत आहे, हे एखाद्या वर्षी कुणीतरी विचारावं.

मागच्या महिन्यात माझी मामेबहीण सांगलीहून आली. बालेवाडीतल्या एका नव्या कंपनीचं पत्र हातात, 2,500 ऑप्शन. आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसलो, 100 रुपये भरले आणि कंपनीची नियमावली उघडली. तिला पहिल्या दहा पानांतच झोप यायला लागली. प्राधान्याचं कलम सापडलं तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. तिने चार प्रश्न लिहून कंपनीला मेल केली. मेल पाठवताना तिचा हात अडत होता. ताई, त्यांना वाटेल मी आत्तापासूनच भांडखोर आहे.

दोन दिवसांनी संस्थापकाचाच फोन आला. एकूण शेअर किती, गुंतवणूकदारांचे किती कोटी आधी परत करायचे आहेत, त्याने सरळ सांगितलं. गुंतवणुकीच्या पुढच्या फेरीत नवे शेअर निघाले की तिचा वाटा अंदाजे किती कमी होईल तेही सांगितलं. 90 दिवसांचं विचारल्यावर थोडा वेळ थांबून म्हणाला, की ते एका तयार नमुन्यातून जसंच्या तसं आलं, याआधी कुणी विचारलंच नव्हतं, बदलून देतो. ती पुढच्या सोमवारी रुजू झाली. बदललेलं पत्र अजून यायचं आहे. दर शुक्रवारी ती एकदा आठवण करते.